दिवस घातलेल्या माणसाचा नातू

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. रत्नागिरीजवळ, मिरजोळ्याच्या अलीकडे आमची वाडी. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून चौथीपर्यंत ज्यांनी मला शिकवलं, ते गुरुजी. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते कोणी मोजत नाही. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी, आणि मी गेलो तो गुरुजींमुळे.

वडील मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत बर्फाच्या कारखान्यात होते. माझा दहावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांनी मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. गुरुजी पेढे घ्यायला म्हणून आमच्या ओटीवर आले आणि बसूनच राहिले.

वडील म्हणाले, "सोमवारपासून घेतो म्हणालाय मुकादम."

"घेऊ दे की," गुरुजी म्हणाले. "पण कारखाना कुठे पळून जात नाही. ह्याचं वय पळतंय."

"शिकून तरी काय व्हायचंय, गुरुजी?"

"ते मला ठाऊक नाही. शिकला नाही तर काय होईल, ते मात्र तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही."

वडील हसले. सोमवारी मी कारखान्याऐवजी कॉलेजात प्रवेशाच्या रांगेत उभा होतो. पुढे विज्ञान घ्यायचं हेही गुरुजींनीच ठरवलं. त्यांना स्वतःला मॅट्रिकच्या पुढे विज्ञान माहीत नव्हतं. त्यामुळे मी कॉलेजात जे शिकेन ते संध्याकाळी त्यांना सांगायचं, असा आमचा करार झाला. पेशी, गुणसूत्रं, अनुवंश हे सगळं मी आधी वहीत लिहिलं आणि मग गुरुजींना समजावलं. त्यांना समजलं नाही तर मलाच समजलेलं नाही, असं आम्ही दोघंही धरून चालायचो. माझी पदवी अशी दोघांत मिळून झालेली आहे.

गुरुजी १९९८ साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी, चतुर्थीच्या तोंडावर, त्यांची पत्नी वारली. आम्ही त्यांना काकू म्हणत असू. वाडीने सगळं केलं. खांदा दिला, गुरुजींच्या घरी चूल पेटू दिली नाही, दोन्ही वेळची ताटं पोचवली. चिपळूणला दिलेली त्यांची लेक आली, राहिली, गेली. पण आमच्याकडे मरणाची आणखी एक बाजू असते. एका घरात माणूस गेलं की त्या भावकीतल्या सगळ्या घरांना सुतक लागतं. देव बंद, सण बंद. गणपती तोंडावर असेल तर तोही त्या सगळ्या घरांत थांबतो. आमच्या वाडीत दोन भावक्या आहेत, आणि गुरुजी दोहोंतले नव्हते. त्यामुळे त्या वर्षी घरोघर गणपती आले, आरत्या झाल्या. एकट्या गुरुजींचं घर गप्प राहिलं.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते ओटीवर बसले होते. शेजारून झांजा ऐकू येत होत्या. मला वाईट वाटलं, आणि ते त्यांना दिसलं असणार.

"त्यांचं काही चुकत नाही रे," ते म्हणाले. "त्यांना सुतकच नाही."

"पण गुरुजी, तुम्ही कुठे हे मानता?"

"विटाळ मी मानत नाही. पण सुतक ही गावाने तोंडी ठेवलेली जनगणना आहे. कोण कोणाचं, ते त्यात मोजलेलं असतं. मी तीन जनगणनांना घरोघर हिंडलोय, माणसं मोजलीत. मला कोणी कुठे मोजलंय, ते मात्र मला माहीत नाही." मग म्हणाले, "उद्या मी गेलो, तर माझं सुतक कोणाला?"

त्या दिवसापासून तो प्रश्न माझाही झाला.

गुरुजींना स्वतःच्या घराण्याबद्दल फार थोडं माहीत होतं. त्यांचे आजोबा तरुणपणी एकटेच आमच्या वाडीत आले आणि एका बागायतदाराकडे आंब्याच्या कलमांच्या लागवडीला आणि राखणीला राहिले. आडनाव विचारलं तेव्हा त्यांनी मालकाचंच सांगितलं आणि तेच पुढे चाललं. इथेच त्यांचं लग्न झालं, इथेच गुरुजींचे वडील जन्मले. आपलं गाव कोणतं, हे आजोबांनी बायकोलाही सांगितलं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "मला गाव नाय." त्यांची एकच खूण मागे राहिली होती. वाक्याचं शेवटचं टोक किंचित वर उचलून बोलायची त्यांची एक तऱ्हा होती. ती गुरुजींच्या वडिलांत उतरली होती आणि वाडीतली मुलं तिची नक्कल करत. गुरुजी नोकरीच्या सुरुवातीला देवरूखच्या डोंगराकडच्या एका शाळेवर होते. पहिल्याच दिवशी पाढे म्हणणाऱ्या मुलांच्या तोंडून तोच हेल त्यांना ऐकू आला. आपण संगमेश्वर तालुक्यातल्या वरच्या अंगाचे, एवढं त्यांना तेव्हा कळलं. त्या अंगाला गावं मात्र पुष्कळ.

कागद त्यांनी सगळे पाहिले होते. आमच्या गावचं जन्ममृत्यूचं जुनं पुस्तक मोडीत होतं, म्हणून ते मोडी शिकले. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहिलं. एकावन्न सालच्या जनगणनेच्या वेळी गावोगावची नावं उतरवून घेतलेली पुस्तकं होती, ती देवरूखला जाऊन पाहिली. प्रत्येक कागद आजोबा वाडीत आले त्या दिवसापर्यंत मागे जायचा आणि तिथे थांबायचा. बाकी जनगणनांची पत्रकं तर राहतच नाहीत. गुरुजी म्हणायचे, "मोजलेलं माणूस आकड्यात जातं, नावानिशी उरत नाही."

म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली होती. देवरूखकडे असताना जनगणनेचं काम आलं की घरचं पत्रक ते पूर्ण भरायचे, मिटायचे, पेन खिशाला लावायचे आणि मग एक प्रश्न स्वतःच्या पदरचा विचारायचे, "तुमच्यातलं पूर्वी कोणी निघून गेलं आणि परत आलं नाही, असं आहे का?" पेन खिशात ठेवायचं कारण त्यांनी मला सांगितलं होतं. सरकारच्या कामात आपलं काम मिसळायचं नाही, आणि समोरच्यालाही दिसलं पाहिजे की हे लिहिलं जात नाहीये. मला त्यांच्या शोधापेक्षाही ह्या पेनाचं कौतुक वाटतं. मी पुढे प्रयोगशाळेत कामाला लागलो तेव्हा सचोटी म्हणजे काय, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

२००१ ची जनगणना आली तेव्हा गुरुजी निवृत्त होते. पण त्यांची एक विद्यार्थिनी, आमच्याच वाडीतली, डी.एड. करून देवरूखच्या वरच्या बाजूला एका शाळेवर लागली होती. मी तिला ताई म्हणतो. गुरुजींनी तो प्रश्न तिच्यावर सोपवला. तिने तो आपल्याबरोबरच्या शिक्षकांनाही दिला. पेन खिशाला लावायच्या सूचनेसकट.

मार्चमधल्या एका रविवारी ती घरी आली आणि संध्याकाळी गुरुजींकडे आली. मीही होतो. तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. तिने एकेक गाव सांगायला सुरुवात केली. निघून गेलेले बरेच होते, पण बहुतेकांचा पत्ता पुढे मुंबईत लागलेला होता. उरलेल्यांचा काळ जुळत नव्हता. गुरुजी मान हलवत ऐकत होते.

"आणि एक आजीबाई तर काय भेटल्या, गुरुजी," ताई हसत म्हणाली. "मी विचारलं, कुटुंबप्रमुखाशी तुमचं नातं काय? तर म्हणतात, 'पोरगा प्रमुख हाय, त्यालाच इचार मी कोन. आई व्हते, आता अडगळ हाय.' मी आई लिहिलं. मग शेवटी तुमचा प्रश्न विचारला. तर म्हणतात, 'हरवलेलं आमच्याकडं कोन नाय गो बाय. मेलेला एक परत आलेला. तो चालंल काय?' मी हसत सुटले. त्यांचा मुलगा मात्र चिडला. म्हणाला, म्हातारीचं काय ऐकता, चहा घ्या."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मेलेला परत आला, असं म्हणाल्या? हेच शब्द?"

"हेच."

"बारा वर्षं वाट बघून दिवस घातले असतील," गुरुजी सावकाश म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी इतकी वर्षं प्रश्नच चुकीचा विचारत आलो रे. निघून गेलेला माणूस कोण, असं विचारत राहिलो. ज्यांनी त्याचे दिवस घातले, त्यांच्या घरात तो निघून गेलेला नाही, मेलेला आहे. ते 'नाही'च म्हणणार. आणि ते खोटं नाही."

आमच्याकडे अशी रीत होती. घरातला माणूस परागंदा झाला, बारा वर्षं त्याची काही खबर आली नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, दहावा-बारावा करायचा, सुतक धरायचं. त्यानंतर तो माणूस त्या घराच्या मोजणीतून उतरला. पण तो जिवंत असला आणि आला, तर काय करायचं, ह्याची तयारी कोणीच ठेवलेली नसायची.

पुढच्या रविवारी गुरुजी, ताई आणि मी एसटीने देवरूखला गेलो आणि तिथून दुसऱ्या गाडीने वर. घर उतारावर होतं, पुढे सारवलेलं खळं. घरचे काका गुरुजींच्याच वयाचे. मुंबईत गिरणीत नोकरी करून गावी परतलेले. आजी म्हणजे त्यांची आई. तिला ऐकू कमी यायचं, पण सांगताना अडखळत नसे. गुरुजींनी आधी आपली ओळख नुसती 'रत्नागिरीकडचा मास्तर' एवढीच दिली आणि तिला बोलू दिलं.

"माझ्या सासूनं डोळ्यांनी बघितलेलं," आजी म्हणाली. "तिचा धाकला दीर. तरना असताना बोटीवर खलाशी म्हनून गेला. कागद नाय, निरोप नाय. बारा वर्सं झाली तसं भटानं सांगितलं, आता ठेवू नका. पानांचा मानूस केला, जाळला, समदं केलं. आनि त्याच्या पुढल्या सालाला हा इथं. ह्या खळ्यात उभा."

"मग?" ताईने विचारलं.

"मग काय? समदी घरात पळाली. भूत म्हनली. भट म्हनाला, ह्याला घरात घ्यायचा तर परत जलम द्यायला पायजे. बारसं करा, मुंज करा, मग मानूस. थोरला भाव घाबरला. मेलेला घरात घेतला तर घरातलं दुसरं जातं म्हनतात. त्याच्या आईनं भाकरी दिली. हातात नाय, पानावर, खळ्यात ठेवून. त्यानं खाल्ली, पानी प्याला आनि खाली उतरून गेला."

"कुठे गेला?" गुरुजींनी विचारलं.

"मेलेल्याला पत्ता इचारतात काय, मास्तर?"

गुरुजींनी एकदा खळ्याकडे बघितलं. मग त्यांनी आपल्या आजोबांची हकीकत सांगितली, आणि आपलं सुतक कोणाला, हा प्रश्नही. आजी कानावर हात ठेवून ऐकत होती. काकांचा चेहरा मात्र हळूहळू बंद होत गेला.

"मास्तर, तुमी शिकलेली मानसं," काका म्हणाले. "पन असा कोनीबी येऊन उभा राहील. आज सुतक मागताय, उद्या हिस्सा मागाल."

"हिस्सा नको. हवं तर लिहून देतो."

"लिहून देनारेबी आमी बघितलेत."

गुरुजींनी पुढे एक शब्द वाढवला नाही. चहा पूर्ण प्यायले, कप विसळून ठेवला, आजीच्या पाया पडले आणि निघाले. गाडीत मी रागाने काहीतरी बोललो, तर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. माझ्याकडे पुरावा काय? एक हेल. हेल मुंबईत जाऊन कोणीही उचलून आणील."

त्यानंतर ते त्या घरी गेले नाहीत. ताईने एक-दोनदा सुचवलं, की ओळख वाढवा, जाणंयेणं ठेवा. ते म्हणाले, "ओळखीने मी कुठेही बसेन. त्या घरात मला ओळखीने बसायचं नाही."

मी पुण्याला गेलो. तिथे एका खाजगी प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. रक्ताचे आणि पेशींचे नमुने येत, त्यातून डीएनए वेगळं करायचं, हे माझं काम. आमच्याकडे पितृत्वाच्या चाचण्या होत. बहुतेक कोर्टकचेरीच्या. काही वर्षांनी आमच्या वरिष्ठ मॅडमनी पुरुषांच्या वंशाची चाचणी सुरू केली. मुलाला बापाकडून वाय हे गुणसूत्र मिळतं, बापाला ते त्याच्या बापाकडून, आणि पिढ्या गेल्या तरी त्यात फारसा फरक पडत नाही. दोन माणसांचं वाय जुळलं, तर त्यांचा मूळपुरुष एक. हे मी कॉलेजात असताना गुरुजींना ओटीवर समजावलेलं होतं. तेव्हा आमच्या दोघांच्याही मनात त्यांचे आजोबा आले नव्हते. मी मॅडमना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "दोघांची लेखी संमती आण. नमुने तू घे, चाचणी मी करते."

दिवाळीला गावी गेलो तेव्हा गुरुजींना सांगितलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं. चूक किती होऊ शकते, जुळलं नाही तर काय समजायचं, जुळलं तरी काय समजायचं नाही. मग म्हणाले, "माझा नमुना घे. पण त्यांचा त्यांनी खुशीने दिला तरच. आणि एक अट. उत्तर आधी त्यांना सांगायचं. ऐकून ते नको म्हणाले, तर मला काही सांगू नकोस. नुसतं माझ्या बाजूने खरं असून काय उपयोग? नातं दोन्ही बाजूंनी लागतं."

सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर मी एकटाच वर गेलो. ताई शाळेतून येऊन मिळाली. काका ओटीवर सुपारी कातरत बसले होते. मी सांगितलं तसं त्यांनी कापसाच्या काडीकडे संशयाने बघितलं.

"हा कापूस गालात फिरवायचा आनि भाव ठरायचा?"

"फक्त मूळपुरुष एक का, तेवढं कळेल, काका."

"आनि नाय आला तर?"

"तर गुरुजी पुन्हा नाव काढणार नाहीत."

काका पुन्हा सुपारी कातरू लागले. आतून आजी आली. आता पार वाकली होती. ताईने तिच्या कानाशी मोठ्याने सगळं सांगितलं. आजी काकांना म्हणाली, "दे की रं. थुकीला काय सातबारा लागतो?"

काकांना हसू आलं. अडकित्ता खाली ठेवून ते मला म्हणाले, "खरं सांगू काय तुमाला? हिश्शाचं मी बोललो तेव्हा. पन दुसरंच हाय. आमच्याकडं पोर आजारी पडलं, बैल बसला, की म्हातारी मानसं म्हनायची, तो खळ्यातून पाठमोरा गेला, त्याचं हे. लहानपनापासून ऐकतोय. तो पुढं जगला, काय झाडाखाली पडून मेला, हे आमालाबी कळू दे एकदा."

त्यांनी कागदावर सही केली आणि स्वतःच तोंड उघडलं. मला तोवर वाटत होतं की ह्या प्रश्नाचं उत्तर एकट्या गुरुजींना हवंय. काकांच्या गालात काडी फिरवताना कळलं, की त्या घरानेही त्याची तितकीच वर्षं वाट बघितली आहे. फक्त त्यांनी त्याला दुसरं नाव दिलं होतं.

चाचणीचं उत्तर आलं तेव्हा मॅडमनी मला बोलावून कागद हातात दिला आणि प्रत्येक आकडा मला स्वतःला तपासायला लावला. मग म्हणाल्या, "जा, दोन दिवस सुट्टी घे." काम इतकं होतं की मी एकच घेतली. सकाळी देवरूखला उतरलो, ताईला घेऊन वर गेलो, दुपारी परत देवरूखच्या स्टँडवर आलो. माझी पुण्याची गाडी साखरप्यावरून घाट चढून जाणार होती, रत्नागिरी उलट्या दिशेला. ताई शनिवारची घरी निघाली होती. गुरुजींना फोनवर नीट ऐकू येत नसे, आणि हे ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. स्टँडच्या बाकावर बसून मी पत्र लिहिलं आणि तिच्या हाती दिलं. त्याची प्रत माझ्याकडे नव्हती. पुढे गुरुजींनीच ते मला वाचायला दिलं, तेव्हा मी ते उतरवून घेतलं.

तीर्थस्वरूप गुरुजी,

पायांवर डोकं ठेवतो.

हे पत्र तुम्हाला मिळालं, म्हणजे तुमची अट पुरी झाली आहे. मी आधी वरच्या घरी गेलो होतो, आणि त्यांनी मला तुम्हाला कळवायला सांगितलं आहे.

तुमचं आणि काकांचं वाय जुळलं. मॅडमनी तपासलं, मग मी तपासलं. तुम्ही विचाराल म्हणून ह्याची मर्यादाही लिहितो. तुमचा दोघांचा मूळपुरुष एक, ह्याबद्दल फारशी शंका उरत नाही. पण तो कितव्या पिढीतला, हे चाचणी सांगत नाही. त्या वाडीतली सगळी घरं एकाच भावकीतली आहेत. तुमचे आजोबा त्यातल्या कोणत्या घरातून निघाले, हे केवळ ह्या कागदावरून सिद्ध होत नाही. हे सगळं मी काकांनाही सांगितलं. लपवलं नाही.

काकांनी कागद उलटसुलट करून बघितला. म्हणाले, "म्हंजे कापसानं वाडी सांगितली. घर आमी सांगायचं, व्हय ना?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग घर हेच. वाडीतला दुसरा कोन मेल्यावर परत आला नव्हता." लिहून देण्याचा विषय मी काढला. त्यांना तो आवडला नाही. म्हणाले, लिहून घेतलं तर मग भाऊ कसला.

आजींनी मला पुष्कळ विचारलं. तुमचे आजोबा जगले किती, लग्न केलं का, घर बांधलं का, बोलताना चिडत होते का. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. त्यांनी लावलेली कलमं अजून धरतात, हेही सांगितलं. काकांनी आत जाऊन सुनेला ते पुन्हा सांगितलं, आणि मग शेजारच्या घरी जाऊन तिथेही सांगितलं. तो उपाशीतापाशी मेला नाही, एवढंच ते सगळ्यांना सांगत होते. बाकीची उत्तरं तुमच्याकडे आहेत. ती तुम्ही स्वतः जाऊन द्यावीत, अशी त्यांची इच्छा आहे. कधीही या म्हणाले.

आता मुख्य निरोप. मी गेलो तेव्हा घरात गडबड होती. काकांच्या नातसुनेला मंगळवारी मुलगी झाली आहे. दोघी बऱ्या आहेत. मी निघालो तेव्हा काका खळ्यापर्यंत आले, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, "मास्तरांना सांगा, सोयर लागलंय. दहा दिवस देवाला फूल घालू नका म्हनावं." जन्माचंही सुतकासारखंच भावकीभर पाळतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. मी त्यांना म्हणालो, काका, गुरुजी हे काही मानत नाहीत. त्यावर म्हणाले, "नको मानू दे. पन लागलंय, तेवढं सांगा."

आपला विद्यार्थी